तीन मुलं, तीन इयत्ता, एक घर : सोलापुरातल्या घरशाळेच्या नोंदी

१० जून २०२४

शाळा का सोडली, यावर घरात आणि नात्यात भरपूर बोलून झालंय, तो विषय इथे नको. तीन वेगवेगळ्या वयांच्या मुलांसाठी काय निवडलं, काय टाकून दिलं, किती पैसे गेले, एवढंच लिहिणार आहे. असंच काही करू पाहणाऱ्यांना उपयोग झाला तर बरं.

थोरली शाळेत असती तर आता आठवीत गेली असती. सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. नोव्हेंबरात तेरावं पूर्ण होईल. मधला चौथीतला, नऊ वर्षांचा. धाकटा साडेपाचचा, त्याला शाळा अशी माहीतच नाही. नवरा रेल्वेत, पाळीची नोकरी. सासरे आप्पा, पूर्वी चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे घरात कन्नडही चालतं. मी सकाळी घरीच असते, संध्याकाळी चार मुलांची गणिताची शिकवणी घेते.

सुरुवात शेवटाकडून केली : थोरली दहावीला कुठून बसणार? दोन वाटा दिसल्या. एक, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं. दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. तिथे दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि नोंदणी पाच वर्षं चालते. तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी, दहावी स्तराचं. सध्या आमचा कल एनआयओएसकडे आहे. वय व्हायला वेळ आहे, म्हणजे निदान वर्षभर तरी परीक्षेला धरून पुस्तकं निवडायची गरज नाही. हे आधी कळलं म्हणून घाई टळली. ज्यांचं मूल १३-१४ चं आहे त्यांनी हा हिशोब पहिल्याच आठवड्यात करावा.

१९ जून

मधल्यासाठी एक तयार संच मागवला होता. वर्षभराचं सगळं त्यात : वह्या, कार्डं, शिक्षकाची मार्गदर्शिका, रोजच्या धड्याचं वेळापत्रक. किंमत १३,८०० रुपये. खोका उघडला तेव्हा तिन्ही मुलं त्यावर तुटून पडली, मलाही हायसं वाटलं होतं.

चार-पाच धड्यांतच ओढाताण सुरू झाली. सगळं इंग्रजीतून, आणि मधल्याचं मराठी वाचनच अजून जोडाक्षरांवर अडखळतंय. त्यामुळे गणिताचं उदाहरण चुकलं की गणित चुकलं की वाक्य कळलं नाही, हेच मला समजेना. नाण्यांच्या धड्यात डाइम आणि क्वार्टर ही अमेरिकन नाणी. ऋतूंच्या धड्यात शरदातली पानगळ आणि बर्फ. आमच्याकडे जूनमध्येही मृगाचा पाऊस ओढ देतोय आणि दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. शिवाय हा संच एकाच मुलासाठी आखलेला. धाकटा मध्ये आला की धडा मोडतो, आणि धाकटा मध्ये येतोच.

मार्गदर्शिका आणि लाकडी ठोकळे ठेवले, बाकी पुण्यातल्या एका कुटुंबाला ६,००० ला दिलं. ठोकळे मात्र खरोखर कामाचे निघाले.

२७ जून

वेळापत्रकाचा पहिला नमुना भिंतीवरून काढला. तिघांना सात-सात तास, म्हणजे दिवसाला एकवीस रकाने. त्यात मीच एका मुलाकडून दुसऱ्याकडे धावत होते आणि प्रत्येक जण माझी वाट बघत बसायचा. दुपारपर्यंत थोरलीचे दोन विषय, मधल्याचा एक, धाकट्याचा एकही नाही.

आता जे चाललंय ते असं. बसून करायचे विषय प्रत्येकाला फक्त दोन : भाषा आणि गणित. सकाळी साडेसात ते दहा. एक माझ्यापाशी, एक स्वतःचं स्वतः, एक अव्वांकडे किंवा आप्पांकडे. पंचवीस मिनिटांनी जागा बदलायची. विज्ञान, भूगोल, इतिहास, कला तिघांना मिळून, एका वेळी एकच विषय, दोन-तीन आठवडे. प्रत्येकाने त्यातून काय करून दाखवायचं ते वेगळं.

नळाला पाणी येतं त्या दिवशी शाळा नाही. हे आधी मान्य केलं नव्हतं आणि त्यापायी बरीच चिडचिड झाली. आमच्या भागात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खं घर त्याच कामाला. मग तेच काम गणितात घेतलं. पंधरा लिटरची बादली ४० सेकंदांत भरते, तर हजार लिटरची टाकी किती वेळात भरेल? थोरलीचं उत्तर, ४५ मिनिटांच्या आत. प्रत्यक्षात तासाच्या वर गेला. का, तर गल्लीतल्या मोटारी सुरू झाल्या की धार बारीक होते. तिने दर दहा मिनिटांनी बादली लावून पुन्हा मोजलं आणि आलेख काढला. तिच्या हातचा हा पहिला आलेख, जो मी सांगून काढलेला नव्हता.

६ जुलै

भाषा आणि गणितात इयत्ता विसरलो. मूल जिथे आहे तिथून पुस्तक निवडायचं. हे ऐकायला सोपं, पण मधल्याला तिसरीचं पुस्तक दिलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. पुस्तकाला ब्राऊन पेपरचं कव्हर घालून वर फक्त नाव लिहिलं, इयत्ता लिहिली नाही. तेवढ्याने काम झालं.

वाचनासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या. मधल्याने पहिल्या पातळीच्या गोष्टी स्वतःसाठी वाचायला नकार दिला, 'बाळांच्या आहेत' म्हणून. मग त्याला सांगितलं, धाकट्याला वाचून दाखव, मला स्वयंपाक आहे. धाकट्यासमोर त्याला लाज नाही, आणि धाकटा तीच गोष्ट चार वेळा मागतो, म्हणजे उजळणी आपोआप. दोघं पडवीत बसतात, मी आतून ऐकते आणि कुठल्या जोडाक्षरावर अडतो ते डब्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवते. 'र'ची रूपं सगळ्यात त्रासाची : पर्वत, प्रकाश, राष्ट्र. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढंच घ्यायचं.

थोरलीला 'किशोर' मासिकाचे जुने अंक सापडले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि मागचे अंक इंटरनेटवर मोफत आहेत. ती आता पाठ्यपुस्तकापेक्षा तेच जास्त वाचते. मी अडवत नाही.

१२ जुलै

पैशाची छोटी नोंद. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, म्हणून मी नवी पेठेत जाऊन थोरलीची दोन आणि मधल्याची दोन छापून आणली. पानाला एक रुपया, वर स्पायरल बांधणी. ५४० रुपये झाले, आणि चित्रं सगळी काळी. छापील रंगीत पुस्तक याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतं. फक्त जूनमध्ये दुकानात गर्दी असते आणि हवी ती इयत्ता संपलेली असते. मे महिन्यातच घ्यावं. छपाई फक्त सरावपत्रकांची करावी.

११ ऑगस्ट

उजनी. या विषयावर पाच आठवडे गेले. ठरवले होते दोन.

सुरुवात आप्पांच्या वर्तमानपत्रातून झाली. जूनच्या आरंभी उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास होतं. मधला विचारायला लागला, धरणात उणे पाणी कसं असेल? खड्डा पडलाय का? थोरलीने ऐटीत सांगितलं, म्हणजे रिकामं. तिचंही चुकलं होतं.

उजनीचा तळाशी राहणारा मृतसाठा ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. मृतसाठ्याच्या रेषेला शून्य धरलंय. त्याखालचं पाणी उचललं की आकडा उणे. उणे ६० म्हणजे ५३.५७ च्या ६० टक्के, सुमारे ३२ टीएमसी, मृतसाठ्यातून खर्ची पडलं. ६३.६६ मधून ३२ वजा केले तर साडेएकतीस टीएमसीच्या वर पाणी तेव्हाही धरणात होतं. थोरलीने हे गणित पहिल्यांदा चुकवलं, कारण तिने ६० टक्के एकूण साठ्याचे काढले. 'कशाचे टक्के' हा प्रश्न तिला शाळेत कुणी विचारला नव्हता, मीही नाही. पूर्णांक संख्या तिच्या केव्हाच झाल्या होत्या, गुणही चांगले होते. पण शून्य कुठे ठेवायचं हे माणूस ठरवतो, ही गोष्ट तिला इथे कळली.

मधल्याकडे रोजचा आकडा लिहून स्तंभालेख काढायचं काम. कागद संपला. त्याने शून्याची रेघ पानाच्या तळाशी काढली होती, उणेचे स्तंभ काढायला जागाच नाही. दुसरा कागद खाली चिकटवला. धाकट्यासाठी पारदर्शक डबा, त्यावर मधोमध लाल टेप, रोज ताईने सांगितलं तेवढं पाणी वाढवायचं. हा डबा दोनदा सांडला आणि एकदा आलेखावरच सांडला. आलेख आता पोटमाळ्यावर, डबा मोरीजवळ.

जुलैअखेरीला आकडा उणेतून वर आला आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धरण भरलं. सोलापुरात पाऊस जेमतेम पडत असताना भीमेच्या वरच्या खोऱ्यातल्या पावसाने धरण भरतं, हा भूगोल नकाशावर दाखवावा लागला नाही. मधलाच विचारत होता, पाऊस कुठाय मग? त्यावर पुण्यापलीकडच्या धरणांचा नकाशा काढला. भीमा, मुळा, मुठा, इंद्रायणी, नीरा. नीरा उजनीच्या खाली भीमेला मिळते, हे मी उलटं सांगितलं होतं. थोरलीने नकाशा पुढे करून मला दाखवलं.

२ सप्टेंबर

शाळाबाह्य मुलांच्या पाहणीसाठी एक बाई आल्या. माणूस चांगला, पण त्यांच्या कागदावर 'घरी शिकतात' असा रकानाच नव्हता. ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यात घरी शिकवण्याची वेगळी तरतूद नाही, मनाई असंही लिहिलेलं नाही. त्यामुळे समोरच्याला काय दाखवता येतं यावर सगळं अवलंबून. मी पाणी दिलं आणि फाइल आणायला आत गेले. फाइल नव्हती. तीन पिशव्या होत्या. बाईंनी उजनीचा डागाळलेला आलेख बघितला, हसल्या, आणि शेजारच्या शाळेचं नाव व मुख्याध्यापकांना कधी भेटायचं ते लिहून देऊन गेल्या.

त्या संध्याकाळपासून प्रत्येकाची एक बॉक्स फाइल. महिन्याला भाषेचं एक पान, गणिताचं एक, एकत्र विषयाचं एक काम, आणि मी लिहिलेली अर्ध्या पानाची नोंद. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, आधीची प्रगतिपुस्तकं पहिल्या कप्प्यात. ३६० रुपये.

२१ सप्टेंबर

क्लास. इथे पैसे आणि पेट्रोल दोन्ही गेले.

मुलांना सोबत मिळावी म्हणून जुलैत उत्साहाने तीन ठिकाणी नावं घातली : थोरलीला चित्रकला जुळे सोलापुरात, मधल्याला खो-खो पार्क स्टेडियमच्या बाजूला, धाकट्याला एक तालनृत्याचा वर्ग अशोक चौकाजवळ. आमचं घर या तिन्हीच्या मध्ये, म्हणजे कुठलंच जवळ नाही. एकाला सोडायला गेलं की उरलेले दोघं मागे बसून डुलक्या काढणार. माझी शिकवणी दोनदा बुडाली. महिन्याची फी २,१०० आणि पेट्रोल त्याच्या निम्म्याच्या घरात.

निवडायची कसोटी आता एकच ठेवली : तिघं एकाच वेळी, एकाच ठिकाणी जाऊ शकतात का? खो-खोच्या सरांना विचारलं. थोरली मुलींच्या गटात, धाकटा कडेला साखळी-पकडापकडी खेळणाऱ्या लहानग्यांत. सरांनी हो म्हटलं. बाकीचे दोन वर्ग बंद. धाकट्याला नृत्य आवडत होतं आणि तो रडला. त्याला अजून वाईट वाटतं, आणि यावर माझ्याकडे उपाय नाही.

वाचनालय मात्र निवडीत पहिल्यापासून बरोबर निघालं. हिराचंद नेमचंद वाचनालयातून पुस्तकं आणतो, ज्याने त्याने आपलं निवडायचं. थोरलीला सांगितलंय, स्वतःसाठी एक आणि धाकट्याला वाचून दाखवायला एक.

१९ ऑक्टोबर

विणकाम. सोलापुरात राहून हे आधी का सुचलं नाही कोण जाणे. कल्पना आप्पांची. त्यांच्या एका जुन्या सोबत्याचे पूर्व भागात माग आहेत. पहिल्या वेळी माग चालू असताना गेलो, धाकटा आवाजाने घाबरला आणि कान झाकून बाहेर पळाला. तिथे एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, मग शिकणार काय. नंतर माग बंद असताना गेलो. लहान मुलं असतील तर हाच क्रम ठेवावा : आधी बंद माग, हात लावून, मग चालू, तोही दारातून.

घरी पुठ्ठ्याचे माग केले. जाड पुठ्ठ्याच्या वरच्या-खालच्या कडेला अर्ध्या सेंटिमीटरवर चिरा, त्यातून उभा दोरा, आडव्यासाठी लोकर. खोक्याचा साधा पुठ्ठा वापरला तो ताण बसताच मधोमध वाकला. वहीच्या बांधणीचा जाड पुठ्ठा बाइंडरकडून आणला, मोठा तुकडा ३० रुपये.

तिघांचीही पहिली विण मध्ये आक्रसली. कडा सरळ राहीनात, मध्ये कंबर पडली. मी म्हटलं, सैल विणा. मग धागे लोंबायला लागले. आप्पा बाजूला बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "अगं, ओढू नकोस आणि सैलही सोडू नकोस. धागा कमानीत टाक आणि मग ठोक." आडवा धागा सरळ न टाकता किंचित चढता ठेवायचा आणि मग फणीने खाली बसवायचा. उभ्या धाग्यांच्या वरखाली जायला जी जास्तीची लांबी लागते ती त्या कमानीतून मिळते. मधल्याची पुढची पट्टी काटकोनात आली. फणी म्हणून अव्वांचा जुना कंगवा.

थोरलीला जेकार्डने धरलं. चादरीवरचं नक्षीकाम जेकार्डवर निघतं : पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड. भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य. तिला संगणकाची द्विमान पद्धत पुस्तकातून कळत नव्हती, इथे ती पुन्हा समजावून सांगावी लागली नाही. आलेखाच्या वहीत तिने १६ बाय १६ चौकटीत मोर काढला. आप्पा म्हणाले, हा विणलास तर मोराचा बदक होईल. कारण उभे धागे इंचाला जितके बसतात तितके आडवे बसत नाहीत, दोन्हीकडे गणती वेगळी. चौकोन चौकोन राहत नाही, ताणला तरी जातो किंवा चेपला तरी. त्यासाठी नक्षीचा कागदच वेगळ्या प्रमाणात आखतात. तिने आपल्या पुठ्ठ्यावर मोजलं : इंचात उभे ५, आडवे ८. मग त्या प्रमाणात कागद आखून मोर पुन्हा काढला. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा मी त्या आठवड्यात शिकवायचा ठरवला होता, तो वगळला.

मधल्याने नक्षी नाही केली, त्याने कांडी (आडव्या धाग्याची रीळ) भरायचं यंत्र सायकलच्या चाकावर करायचा घाट घातला. चालत नाही. गुंता सोडवण्यात एक अख्खी सकाळ गेली आणि मी ओरडले. धाकट्याने वर-खाली-वर-खाली म्हणत पाच पट्ट्या विणल्या, एक अव्वांच्या जपमाळेच्या पिशवीला शिवली आहे.

एकूण खर्च लोकर-दोरा-पुठ्ठा धरून २८० रुपये. संचातल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त काळ चाललेला हा विषय.

९ नोव्हेंबर

दिवाळी. काही केलं नाही. शेंगा भाजल्या, चटणी कुटली. थोरली तेरा वर्षांची झाली.

१५ डिसेंबर

दोन सहली, एक बिघडलेली आणि एक जमलेली.

बिघडलेली : केगावजवळचं विज्ञान केंद्र. जागा चांगली, दोष आमच्या तयारीचा. तिघांना मोकळं सोडलं. धाकटा बटणं दाबत पळाला, थोरली पाट्या वाचत मागे राहिली, मधला मला शोधत. घरी आल्यावर कुणालाच काही सांगता येईना. पुन्हा गेलो तेव्हा प्रत्येकाला एकच काम दिलं. धाकट्याने सगळ्यात आवडलेल्या एका वस्तूचं चित्र काढायचं. मधल्याने एक यंत्र कसं चालतं ते आप्पांना समजेल असं सांगायचं. थोरलीने एक गोष्ट शोधायची जी घरी करून बघता येईल. बाकी वेळ मोकळा.

जमलेली : नान्नजचं माळढोक अभयारण्य. माळढोक पक्षी दिसेल असं मुलांना आधीच सांगू नये. तो आता फार दुर्मिळ झालाय. आम्ही काळवीट बघायला जातोय असंच सांगितलं, आणि काळवीट दिसले, भरपूर. थोरलीने गवताचे नमुने काढून आणू म्हटलं, ते करायचं नाही, अभयारण्य आहे. मग चित्रं काढली. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, तिथे झाडं लावली तर माळढोकाचं घरच जातं, हे मधल्याला पटलं नाही. झाड लावणं चांगलंच असतं असं त्याला पहिलीपासून शिकवलंय. वाद गाडीत सुरू झाला तो जेवणापर्यंत. मी मिटवला नाही.

१८ जानेवारी २०२५

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. संक्रांतीच्या आसपास सोलापुरात कुठलाच धडा चालत नाही. हे धरूनच विषय निवडला : गावाचा नकाशा आणि गावाचा काळ.

सिद्धेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली असं मानतात आणि यात्रेत नंदीध्वजांसह (मानाच्या उंच काठ्या) त्या सगळ्यांना तैलाभिषेक होतो. थोरलीने शहराचा नकाशा घेतला, अव्वांना आणि शेजारच्या आजींना विचारून लिंगं खुणावायला लागली. सगळी जमली नाहीत. काही ठिकाणांची नावं दोन आजी दोन सांगतात. नकाशावर त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलंय. मधल्याकडे सात नंदीध्वजांची मिरवणूक कुठून कुठे जाते तो मार्ग.

कालपट्टी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. दहा वर्षांना एक सेंटिमीटर. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर (हेच सिद्धेश्वर) आणि त्यांनी खोदवलेला तलाव एका टोकाला, मग भुईकोट किल्ला, मग बराच वेळ मोकळा कागद, आणि शेवटी सगळं एकमेकांवर चढलेलं : मे १९३० चा उठाव आणि मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार हुतात्म्यांना फाशी, १९३८ ला डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला निघाले, १९४२ ला तिथेच वारले. या प्रमाणात १९३० आणि १९३१ यांच्यात एक मिलिमीटर. त्या भागाची वेगळी पट्टी करावी लागली, वर्षाला दहा सेंटिमीटर. धाकट्याने आपला जन्म कुठे ते विचारलं आणि तिथे टिकली लावली. चार हुतात्मा चौकातून रोज जातो, पण मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चारही नावं मधल्याला या आठवड्यात पहिल्यांदा एका दमात सांगता आली.

९ फेब्रुवारी

धाकट्याचं गणित अडलंय. पन्नासपर्यंत सरळ, पुढे एकोणसाठ की एकोणसत्तर यात गोंधळ. संख्या त्याला कळतात, ठोकळे बरोबर मांडतो. नाव घ्यायला गेला की चुकतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा मीही चेष्टा केली होती. आता तेच वापरतेय. आधी 'पन्नास नऊ' म्हणत ठोकळे मांडायचे, नेहमीचं नाव मागाहून जोडायचं. अव्वांना हे अजिबात मान्य नाही, त्या पाढ्यांच्या वेळी जुनीच नावं म्हणवून घेतात. दोन्ही चालू आहे.

थोरलीचे विषय तात्पुरते ठरवले : मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, आणि चित्रकला. एनआयओएसमध्ये गणित-विज्ञान सोडून गृहविज्ञान, डेटा एंट्री असंही घेता येतं. ती म्हणाली गणित नको. पुढे विज्ञान शाखेला जायचं नाही हे तेराव्या वर्षी कसं ठरवणार? गणित ठेवलं, वर सहावा विषय वाढवायची मोकळीक आहेच. नोंदणीच्या वेळी माध्यम विचारतात, ते मात्र आधी ठरवा. सेमीच्या मुलांना इथे अडचण येते : गणिताच्या संज्ञा इंग्रजीत, उत्तरं लिहायची सवय मराठीत. आम्ही सध्या विज्ञानाचा एक धडा दोन्ही भाषांतल्या पुस्तकांतून वाचून बघतोय. नोंदणीनंतर घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना २० टक्के गुण असतात, म्हणून लिहिण्याचा सराव आतापासून.

२३ मार्च

वर्षाचा खर्च, ढोबळ. तयार संच, विकून आलेले वजा जाता ७,८००. पुस्तकं, छपाई, फायली २,९०० च्या आसपास. साहित्य १,६००. क्लास ८,०००, त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांचा. सहली आणि पेट्रोल धरलेलं नाही, ते लिहून ठेवलं नव्हतं. संच आणि क्लास वगळले असते तर सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास झालं असतं.

मधला म्हणतोय, जूनपासून शाळेत जायचं. खो-खोतले दोघं मित्र एकाच शाळेत आहेत आणि त्याला त्यांच्या संघातून खेळायचंय. थोरली चिडली, तिला वाटतंय की हा फितूर झाला. आम्ही त्याला हो म्हटलं. त्याच्या वयाचा वर्ग पाचवी, आणि शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळायला हवा. बॉक्स फाइल घेऊन मुख्याध्यापकांना भेटून आलो. त्यांनी मराठीचा एक उतारा वाचायला दिला. 'स्वातंत्र्य'वर अडला, परत वाचलं, पुढे गेला. पाचवीला आता वर्षाअखेर परीक्षा असते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये भागाकार आणि अपूर्णांक पक्के करायचे आहेत, आणि सलग पान लिहायची सवय, जी आम्ही वर्षभरात जवळजवळ लावलीच नाही.

सकाळची मधल्याची पंचवीस मिनिटं जूनपासून मोकळी होतील. ती धाकट्याला. पण त्याला गोष्टी वाचून कोण दाखवणार हा प्रश्न आहे. मधला म्हणतो, शाळेतून आल्यावर दाखवेन. बघू. बालभारतीची पुस्तकं या वेळी एप्रिलच्या शेवटीच आणायची आहेत : थोरलीसाठी नववीचं गणित आणि विज्ञान, धाकट्यासाठी पहिलीचं, आणि मधल्याची शाळेतून मिळतील.